रमजान गेला, सवयी राहू द्या



ईद होऊन पंधरा दिवस झाले की बहुतेक घरांत एक वाक्य ऐकू येते, “रमजानमध्ये सगळं कसं आपोआप व्हायचं, आता काही केल्या जमत नाही.” महिनाभर रोज उघडले जाणारे कुरआन शरीफ जुजदानात बांधून वरच्या फळीवर गेलेले असते. सहरीला एका हाकेत उठणारा मुलगा फजरला उठवले तर कूस बदलतो. दिवसभर सिगारेटला हात न लावणारे अब्बा पुन्हा टपरीवर दिसू लागतात. तरावीहला मशिदीत पाय ठेवायला जागा नव्हती, आता इशाला दोन सफा जेमतेम भरतात.

मग आपण स्वतःला बोल लावतो. ईमान कमजोर झाले, आपण फक्त रमजानपुरते मुसलमान, असे म्हणतो. या खंतीतून माणूस अल्लाहकडे वळत असेल तर ती चांगलीच आहे. पण बहुतेक वेळा ती खंत आपल्याला बसवून ठेवते. “आपल्याच्याने होणार नाही” असे म्हणून आपण पुढच्या रमजानची वाट पाहू लागतो.

मी शिक्षिका आहे. जूनमध्ये नव्या वहीच्या पहिल्या पानावर प्रत्येक मुलाचे अक्षर मोत्यासारखे असते. ऑगस्टपर्यंत ते बिघडते. मुलाची नीयत तेवढ्यात बदललेली नसते, वही जुनी झालेली असते, एवढेच. जेथे शुद्धलेखनाची वेळ ठरलेली असते आणि वही रोज तपासली जाते, तेथे अक्षर टिकते. आपल्या घरातल्या चांगल्या सवयींचेही असेच आहे. म्हणून ईमानवर शंका घेण्याआधी घराच्या भिंतीकडे एकदा पाहू या, असे मला सुचवायचे आहे.

भिंतीवर काय होते?

रमजानमध्ये आपल्या भिंतीवर किंवा फ्रिजच्या दारावर सहरी-इफ्तारचे वेळापत्रक लागलेले होते. कुठल्याशा दुकानाने किंवा मदरशाने छापलेला तो कागद सारे घर चालवत होता. किती वाजता उठायचे, किती वाजता तोंड बंद करायचे, किती वाजता दस्तरखान मांडायचे, हे रोज नव्याने ठरवावे लागत नव्हते. घरातले सगळे एकाच वेळी उठत होते. मोहल्ल्यात दिवे लागत होते. दिवसा कोणी चहा पुढे करत नव्हते. तरावीहला शेजारी हाक मारून नेत होता. एखादा दिवस आळस आला, तरी आजूबाजूची सगळी माणसे आपल्याला ओढून नेत होती.

ईदच्या दिवशी तो कागद उतरला. त्याच्या जागी दुसरे काही लागले नाही. उठण्याची वेळ गेली, सोबत गेली, ठरलेली जागाही गेली. जे काम महिनाभर साऱ्या मोहल्ल्याने मिळून उचलले होते, ते आता एकट्याच्या मनाच्या जोरावर येऊन पडले. ते डगमगले तर नवल काय?

तीस दिवस पुरेसे आहेत का?

एकवीस दिवसांत सवय लागते, असे आपण ऐकतो. या कल्पनेचे मूळ बहुधा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात सांगितले जाते. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आपला नवा चेहरा अंगवळणी पडायला निदान एकवीस दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. लोकांनी “निदान” हा शब्द गाळला आणि आकडा तेवढा ठेवला.

पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही गोष्ट तपासून पाहिली. २०१० साली छापून आलेल्या त्यांच्या अभ्यासात ९६ जण होते. प्रत्येकाने एक साधी सवय निवडली. जेवणासोबत फळ खाणे, पाणी पिणे, रात्रीच्या जेवणाआधी पळणे अशा या सवयी होत्या. ती रोज ठरलेल्या एकाच वेळी किंवा कामाशी जोडून करायची होती. बारा आठवडे त्यांची नोंद ठेवली गेली. काम फारसा विचार न करता आपसूक होऊ लागायला मध्यम अंदाजाने ६६ दिवस लागतात असे दिसले. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. सोप्या सवयी लवकर लागल्या, व्यायामासारख्या अवघड सवयींना जास्त वेळ लागला.

आता आपला हिशेब करू. रमजानचे २९ किंवा ३० दिवस झाले. पहिल्या रोजापासून ६६ मोजले, तर आपण जिलकदच्या पहिल्या आठवड्यात पोहोचतो. म्हणजे ईदच्या दिवशी आपली सवय अर्धी शिजलेली होती. भात अर्धा शिजला असताना आपण चूल विझवतो आणि मग तांदळाला नावे ठेवतो! शव्वालचा महिना हा त्या शिजण्याचा उरलेला वेळ आहे. शव्वालच्या सहा रोजांची फजीलत हदीसमध्ये आली आहे. ते रोजे ठेवणाऱ्यांना ठाऊक असते की त्या सहा दिवसांत पहाटेची जाग पुन्हा सहज येते.

थोडे, पण रोज

रमजानमध्ये रोज एक पारा वाचणारा माणूस ईदनंतरही एक पाराच वाचायला जातो. चार दिवस जमते, पाचव्या दिवशी पाहुणे येतात, सहाव्या दिवशी ओझे दुप्पट झालेले असते आणि सातव्या दिवशी सगळेच सुटते. येथे आपल्याला चौदाशे वर्षांपूर्वीच वाट दाखवलेली आहे. हजरत आयशा (रजि.) यांच्याकडून आलेली हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. तिचा आशय असा, की जे काम सातत्याने केले जाते ते थोडे असले तरी अल्लाहला सर्वांत प्रिय असते.

हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) तरुण होते. दिवसा रोजा आणि रात्रभर नमाज, असा त्यांचा क्रम होता. प्रेषित मुहम्मद (स.) यांना हे समजले तेव्हा त्यांनी त्यांना आवरले. तुझ्या शरीराचा, तुझ्या डोळ्यांचा, तुझ्या पत्नीचा तुझ्यावर हक्क आहे, अशी समज दिली आणि महिन्याला तीन रोजे पुरेत असे सुचवले. अब्दुल्लाह (रजि.) म्हणत राहिले की माझ्यात याहून जास्त ताकद आहे. शेवटी हजरत दाऊद (अलै.) यांच्याप्रमाणे एक दिवसाआड रोजा, एवढ्यावर बोलणे थांबले. पुढे म्हातारपणी अंग थकले, तेव्हा ती सवलत आपण स्वीकारली असती तर बरे झाले असते, असे त्यांना वाटले. स्वीकारलेली गोष्ट सोडणेही त्यांना नको होते.

हजरत अनस (रजि.) यांनी सांगितलेला प्रसंगही असाच आहे. मशिदीत दोन खांबांच्या मध्ये एक दोर बांधलेला होता. विचारल्यावर कळले की तो हजरत जैनब (रजि.) यांचा आहे, नमाजमध्ये थकल्या की त्या तो धरतात. प्रेषितांनी (स.) तो सोडायला लावला. अंगात तरतरी आहे तोवर नमाज पढावी आणि थकल्यावर बसावे, असे सांगितले.

मग थोडे म्हणजे किती? मदीना छपाईच्या कुरआन शरीफमध्ये ६०४ पाने असतात. रोज दोन पाने वाचली तर ३०२ दिवसांत पूर्ण कुरआन होतो. ईदपासून पुढच्या रमजानच्या चाँदपर्यंत साधारण ३२५ दिवस मिळतात. म्हणजे वीसेक दिवस आजारपण, लग्नकार्य आणि प्रवासात गेले तरी रमजान येण्याआधी एक कुरआन पूर्ण झालेला असेल. ज्यांना नीट वाचता येते त्यांना दोन पानांसाठी पाच-सात मिनिटे पुरतात. ज्यांचे वाचन अडखळते त्यांनी अर्धे पान ठरवावे. माप असे ठरवा, की ताप आलेल्या दिवशीही ते होईल. उत्साहाच्या दिवशी जास्त वाचायला कोणी अडवलेले नाही.

खुंटी घरातच आहे

“उद्यापासून रोज सकाळी चालायला जाईन” हा निश्चय मोडतो, कारण सकाळ ही वेळ फार मोठी आहे. सहापासून दहापर्यंत सकाळच असते. “फजरची नमाज झाली की चपला घालून बाहेर पडेन” हा निश्चय जास्त टिकतो, कारण एक काम संपले की दुसरे कोणते करायचे हे ठरलेले असते. ओढणी अडकवायला भिंतीला खुंटी लागते. तसेच नवी सवय अडकवायला दिवसात आधीच पक्की असलेली एखादी गोष्ट लागते.

आपल्याला अशा पाच खुंट्या रोज मिळतात. फजरनंतर जानमाज गुंडाळण्याआधी दोन पाने. असरनंतर अर्धा तास चालणे. मगरिबनंतर मुलांचा अभ्यास. इशानंतर फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावून झोपणे. आणि जुम्याला घरातून निघण्याआधी सदक्याच्या डब्यात दहा रुपये. रमजानमध्ये हात सढळ होतो, नंतर मुठी मिटतात, तेव्हा हा डबा चपलांच्या कपाटावर ठेवा, म्हणजे येता-जाता दिसेल.

मुलांच्या बाबतीत पालक मला सांगतात, “टीचर, त्याला सांगा ना, रोज अभ्यास करत जा म्हणून.” मी सांगेनही, पण नुसत्या सांगण्याने फार काही होत नाही. मगरिबनंतर ठरलेली एक चटई पसरायची, दप्तर तेथेच आणायचे, टीव्ही बंद करायचा आणि मोठ्यांपैकी एकाने पुस्तक किंवा वर्तमानपत्र घेऊन शेजारी बसायचे. पहिले काही दिवस मूल कुरकुर करील. पुढे चटई पसरली की ते स्वतःहून येऊन बसेल.

भगिनींसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते. महिन्यातले काही दिवस आपल्याला नमाज नसते. त्या दिवसांत खुंटीच निघून जाते आणि नंतर सवय पुन्हा बसवावी लागते. म्हणून त्या दिवसांतही अजान झाली की त्याच जागी पाच मिनिटे बसावे. जिक्र करावा, दुआ मागावी, एखादे दीनी पुस्तक वाचावे. जागा आणि वेळ जिवंत राहिली की परतणे सोपे जाते.

घराचा गजर कोण?

रमजानमध्ये सहरीसाठी सगळ्यांच्या आधी कोण उठत होते? अम्मी, नाहीतर घरातली सून. चूल पेटवून, पोळ्या लाटून, मग एकेकाला तीन-तीनदा हाका मारून उठवणारी तीच. सर्वांत शेवटी, अजानला दोन मिनिटे असताना घाईने दोन घास खाणारीही तीच. घरातल्या दहा जणांची चांगली सवय एका बाईच्या झोपेवर उभी होती. ईदनंतर तिचे अंग थकले आणि दहाही जण झोपून राहिले. मग म्हणायचे काय, तर “अम्मी, तुम्ही उठवलं नाही!”

हे बदलल्याशिवाय कोणत्याही घरात काही टिकणार नाही. दहा वर्षांच्या मुलाला स्वतःचा गजर लावता येतो. अब्बांनी आठवड्यातले तीन दिवस सर्वांना उठवण्याची जबाबदारी घ्यावी. प्रेषित मुहम्मद (स.) घरी असताना घरच्या कामात हातभार लावत आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडत, असे हजरत आयशा (रजि.) यांनीच सांगितले आहे. रात्रीच्या नमाजसाठी पतीने पत्नीला आणि पत्नीने पतीला उठवावे, या दोघांवरही अल्लाहची कृपा असो, अशी दुआही हदीसमध्ये आहे. त्यात उठवण्याचे काम दोघांकडे दिलेले आहे. आपण ते एकीकडेच ठेवले.

सोडायची सवय

चांगली सवय लावणे आणि वाईट सवय सोडणे यांत घर एकच लागते. तंबाखू, सिगारेट, गुटखा घेणारा माणूस रोजात तेरा-चौदा तास त्याशिवाय राहतो. आमच्या भगिनींपैकी काही मिश्री लावतात, त्याही राहतात. म्हणजे “मला राहवत नाही” हे म्हणणे महिनाभरात तीस वेळा खोटे ठरलेले असते. निकोटीन सोडल्यावर होणारी तगमग पहिल्या काही दिवसांत सर्वांत जास्त असते आणि साधारण तीन-चार आठवड्यांत ओसरते. पण इफ्तारनंतर पुन्हा घेतले तर ती तगमग रोज नव्याने सुरू होते. म्हणून सोडायचे तर पूर्ण सोडावे लागते.

येथेही खुंटी शोधा. जेवणानंतर पाय आपोआप टपरीकडे वळत असतील, तर जेवणानंतर घरातच बडीशेप घेऊन दुसऱ्या रस्त्याने चक्कर मारा. सरकारची तंबाखूमुक्तीसाठीची मोफत हेल्पलाइन १८००-११-२३५६ ही आहे. तेथे फोन करण्यात कमीपणा नाही. आणि घरच्यांनी एवढेच करावे, की वाकडे न बोलता सोबत चालावे.

एक दिवस चुकला तर

कितीही नीट ठरवले तरी एखादा दिवस चुकणारच. खरी गंमत चुकलेल्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशी असते. त्या दिवशी शैतान कानात सांगतो, “झालं, मोडलं सगळं, आता कशाला?” वर सांगितलेल्या लंडनच्या अभ्यासात असेही दिसले, की अधूनमधून एखादी खेप चुकल्याने सवय लागण्यात म्हणण्यासारखा फरक पडत नाही.

आणि आपल्याकडे तर याची शिकवण आधीपासून आहे. हजरत उमर (रजि.) यांच्याकडून आलेली, मुस्लिम संग्रहातील हदीस आहे. रात्रीचा ठरलेला पाठ झोपेमुळे राहून गेला आणि माणसाने तो फजर आणि जुहरच्या दरम्यान पूर्ण केला, तर तो रात्रीच वाचल्यासारखा लिहिला जातो, असा तिचा आशय आहे. म्हणजे चुकलेल्याला परतण्याचा रस्ता ठेवलेला आहे, आणि तो जवळचा आहे. वर्षभर थांबायची गरज नाही, जुहरपर्यंत वेळ आहे.

हा रस्ता घरातलेच लोक बंद करतात, याचे वाईट वाटते. “उतरला का रमजान?”, “चार दिवसांची नमाजी”, “मला माहीतच होतं” असे टोमणे आपण सहज मारतो. तीन दिवस गैरहजर राहिलेले मूल चौथ्या दिवशी वर्गाच्या दारात उभे असते. त्या वेळी त्याला सर्वांसमोर झापले तर ते पाचव्या दिवशी येत नाही. “ये, बस, आपण या पानावर आहोत” एवढे म्हटले की ते वही काढते. घरात कोणी दोन दिवसांनी पुन्हा जानमाज अंथरली तर एवढेच करा. काही बोलू नका, थोडे सरकून त्याला जागा द्या.

या आठवड्यात एवढेच

सहरी-इफ्तारचा कागद जेथे लावला होता, त्याच जागी एक साधा कागद लावा. त्यावर चार रकाने आखा: नाव, काय करणार, कशानंतर करणार, सोबत कोण. घरातल्या प्रत्येकाने एकच गोष्ट लिहावी, अगदी दादीपासून दुसरीतल्या मुलापर्यंत. दोन लिहू नका. आणि एकाने दुसऱ्याची गोष्ट ठरवू नये, ज्याची त्याने निवडावी.

उदाहरणार्थ, अब्बा लिहितील: जेवणानंतर टपरीऐवजी चक्कर, सोबत मोठा मुलगा. अम्मी लिहितील: फजरनंतर दोन पाने, सोबत सून. मुलगी लिहील: मगरिबनंतर उर्दूची पाच ओळी आणि मराठीच्या पाच ओळी, सोबत चाची. दादींना दिसत नसेल तर त्या लिहवून घेतील: असरनंतर नातवाचा पाठ ऐकणे.

रोज रात्री ज्याचे झाले त्याने बरोबरची खूण करावी. ज्याचे राहिले त्याचा चौकोन रिकामा राहू द्या, लाल फुली मारू नका. जिलकदच्या पहिल्या आठवड्यानंतर सगळ्यांनी मिळून कागद पाहावा. कोणाचे माप मोठे झाले असेल तर ते कमी करावे. कोणाची वेळ चुकीची निघाली असेल तर खुंटी बदलावी. ज्याचे पक्के झाले असेल त्याने हवी तर दुसरी गोष्ट जोडावी. बकरी ईदपर्यंत हा कागद भिंतीवर राहिला तरी पुष्कळ झाले.

अल्लाह आपल्या सर्वांचे रोजे, नमाज आणि तिलावत कबूल करो, जे थोडे हातात घेतले आहे ते धरून ठेवण्याची तौफिक देवो, आणि आपल्या घरांत एकमेकांना टोमणे मारण्याऐवजी एकमेकांना उठवणारी माणसे ठेवो. आमीन.